चार टिंबं, दोन टिंबं

खोक्यावर लिहिलं होतं : रेंज शंभर मीटर.
हॉलमधल्या डिशचं चित्र बेडरूममधल्या टीव्हीवर न्यायचं,
एवढीच त्याची नोकरी.
यवतमाळच्या भंगारातून जोडी साडेतीनशेला आणली
आणि शालिकला कळवलं, काम होईल.
त्याचं घर माझ्या दुकानापासून साडेनऊ किलोमीटर.
मध्ये एक नाला, दोन शिवारं, सागाचा पट्टा.

बावीस वर्षं आम्ही रोज रात्री नऊला हवेत भेटलो.
मी दारव्ह्याहून, तो टेकडीखालच्या पिंपळखुट्याहून,
व्हीयू-थ्री नि पुढची आपापली तीन अक्षरं.
विहिरीचं पाणी, मोटर वाइंडिंगचे भाव,
आणि मध्येच त्याचं ते हसणं,
स्पीकरचा कागद फाटेल असं.

मग खर्ऱ्यानं त्याचा गळा नेला.
नागपूरच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली.
तिसऱ्या आठवड्यात परत आला तो मोर्सवर,
इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी :
जित्ता हावो, बावा.
मोर्समध्ये हसायचं तर चार टिंबं, दोन टिंबं.
कोणीही हसला तरी तेवढीच,
सारख्या मापाची.
मला ती पुरेनात.

भिंगाखाली पत्र्याची डबी उघडली.
आत नखाएवढा मेंदू, त्याला चारच चॅनेलं पाठ.
तो काढून दुसरा बसवला,
परवान्यातल्या आमच्या पट्टीची बोली शिकवलेला.
छापील अँटेना कापली, केबलला कथलाचा डाग दिला.
पहिला डाग कच्चा निघाला.
दुसरा चकाकला.

राहिली आवाजाची लहर.
चित्राच्या खांद्यावर बसून जाते ती,
उतरवली तर चित्र थोडं पुढे पोचतं.
हे त्याला कसं विचारावं, दोन दिवस कळेना.
शेवटी विचारलं. तडातडा उत्तर आलं :
काढ न. आवाज काढला तरी चालते.
माह्यावर टेस्ट झालेली हाये.
चार टिंबं, दोन टिंबं.

श्रावणात काहीच दिसलं नाही,
सागाची ओली पानं सगळं पिऊन टाकत.
दिवाळीतही नाही.
तो म्हणाला, थांब, पानगळ होऊ दे.
फाल्गुनात पट्टा उघडा पडला.
त्यानं टाकीवर तुपाचा रिकामा डबा आडवा बांधला,
बुडापासून मोजून भोक,
आत एकतीस मिलिमीटर तांब्याची तार.
डब्याला टेकून कॅमेरा.
माझ्या गच्चीवर गंजकी डिश, दुकानातला सोपान,
आणि खाली मी, टीव्हीसमोर.

रविवार, सकाळचे नऊ चाळीस.
आधी नुसत्या मुंग्या.
सोपान डिश बोटबोट सरकवतोय, मी खालून ओरडतोय,
आणि मुंग्या विरळ होत होत एक पाटी आली.
कॉल साइन, खडूनं, उलटी धरलेली.
मग पाटीच्या मागून तो.
वाळलेला. गळ्याभोवती गमछा.
पाटी उलटी आहे, मी मोर्सनं सांगितलं,
आणि शालिक हसला.
खांदे, पोट, मिटलेले डोळे, गमछ्याचं टोक,
सगळं हललं.
एकदा चित्रही गुंडाळलं, वर सरकलं,
परत आलं तेव्हा तो हसतच होता.
माझं काय झालं ते सोपानला विचारा.

मग चौकटीत वच्छलावहिनी आल्या.
तोंड चाललेलं, बोट थेट माझ्या रोखानं.
मी टीव्हीपासून जरा मागे सरकलो.
बोट डब्याकडे होतं.
हात मोठा होत गेला, बांगड्या, मग नुसता तळवा,
मग मुंग्या.

लॉगवहीत लिहिलं : चित्र, पाचपैकी तीन.
आवाजाचा रकाना कोरा ठेवला.
दहा मिनिटांनी हेडफोनमध्ये टिकटिक सुरू झाली :
डबा तिनं नेला.
लोनच्याची चिनीमातीची बरनी देतो मन्ते.
चालन काय?